सदर लाव्हा थंड आढळला

मोखाड्याच्या स्टँडवर लहानूची जीप बारा सीट भरल्याशिवाय हलत नाही. आठ सीट झाल्या की तो हॉर्न वाजवतो, पण तो निघण्याचा हॉर्न नसतो, उरलेल्या चौघांना बोलावण्याचा असतो. तोवर माणूस काय करणार? बोलत बसतो. माझ्याकडचे निम्मे किस्से त्या जीपच्या पुढच्या सीटवर साठलेत. बातमीचं बरं असतं. ती छापून येते आणि दुसऱ्या दिवशी तिच्यात कुणीतरी भजी बांधून नेतं. किस्सा कुणी नेत नाही. तो इथेच पडून राहतो, आणि तो निवायच्या आत त्याच्यावर दुसरा येऊन बसतो.

वावर-वांगणीच्या बालमृत्यूंच्या बातम्या गाजल्या तेव्हा मी पेपरच्या धंद्यात नवखा होतो. तेव्हापासून जव्हार-मोखाडा हाच माझा बीट. मला वाटायचं, आता आपण कशानेच हादरत नाही. मग आमच्यात एक रिटायर्ड प्रोफेसर येऊन मिळाले. भूगर्भशास्त्राचे. नाशिकचे सामंत सर. त्यांच्यामुळे मी दगडांकडे बघायला लागलो, आणि दगडांच्या बाबतीत शिकलेली माणसं काय करू शकतात ते पाहून पुन्हा नव्याने हादरायला लागलो.

तर आमची कंपनी म्हणजे मी, लहानू आणि सामंत सर. चौथी करवंदपाड्याची बुधीबाय, पण ती जीपमध्ये बसत नाही. तिला घाटात उलटी होते.

* * *

सर पहिल्यांदा आले ते हिवाळ्यात. एका हातात हातोडा, गळ्यात भिंग, गुडघ्याला पट्टा. सूर्यमाळच्या रस्त्याला लागल्यापासून, जिथे जिथे डोंगर कापलेला दिसेल तिथे तिथे ते लहानूला गाडी थांबवायला लावत होते. उतरायचे, दगडाचा टवका काढायचे, भिंग लावून बघायचे, खूश होऊन परत बसायचे.

पहिल्या दोन वेळा मागच्या सीटा कुरकुरल्या. तिसऱ्या वेळी कुरकुर बंद झाली आणि सगळे सावध झाले. आमच्याकडे कुणी परका माणूस जमिनीकडे प्रेमाने बघायला लागला की समजायचं, धरण येतंय नाहीतर हायवे येतोय.

शेवटी पिशवीत कोंबडी घेऊन बसलेल्या एका म्हाताऱ्याने सरळ विचारलं, एवढं काय बघता? सरांना तेच हवं होतं. त्यांनी अख्ख्या जीपला शिकवायला घेतलं. हा डोंगर एकसंध नाही, पापुद्र्यांचा आहे. एकेक पापुद्रा म्हणजे एकदा वाहून आलेला लाव्हा. तो निवला, त्याच्यावर ऊन-पाऊस झाला, वरचा भाग कुजून लाल माती झाली, मग दुसरा लाव्हा आला आणि त्या मातीला भाजून वर बसला. असं कितीतरी वेळा, साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. जमिनीला भेगा पडल्या होत्या आणि तांबडा रस इथून तिथपर्यंत वाहत होता!

म्हातारा बराच वेळ बाहेरच्या कड्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "मंग पंचनामा झालता का?"

सर मोठ्याने हसले. जीपमध्ये दुसरं कुणीच हसलं नाही. आदल्या वर्षीच्या वादळात त्या म्हाताऱ्याच्या घराचे पत्रे उडाले होते, आणि पंचनाम्याला अजून कुणी आलेलं नव्हतं. त्याच्या हिशेबाने साडेसहा कोटी वर्षांची दिरंगाई ही काही फार वेगळी गोष्ट नव्हती.

* * *

करवंदपाडा सूर्यमाळच्या खालच्या उतारावर आहे. पंचवीस-तीस घरं. नागली आणि भाताची तुकड्या-तुकड्यांची शेतं. ज्यांना शेतं नाहीत ते दिवाळी झाली की वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर येतात. पाड्याच्या खाली एक जुनी विहीर आहे. मे महिन्यात तिच्यात जेमतेम गुडघाभर पाणी असतं, पण असतं. आजूबाजूच्या चार पाड्यांत मार्चपासून ठणठणाट असताना ही एकटी विहीर टिकते. बायका रात्रीतून झिरपलेलं पाणी पहाटे शेंदून हंड्यात भरतात. त्या गुडघाभर पाण्यावर सगळा पाडा उन्हाळा काढतो.

विहिरीला जोड म्हणून सरकारने तिथे तीन बोअर मारले. तिन्ही कोरडे.

मी त्या खात्याच्या जेई, म्हणजे ज्युनियर इंजिनियर साहेबांना विचारलं (खात्याचं नाव लिहीत नाही, साहेब अजून नोकरीत आहेत), की बोअरची जागा कोण ठरवतं? भूवैज्ञानिक येतो का? नकाशा असतो का? ते म्हणाले, असतो ना. आणि त्यांनी खरोखर नकाशा काढला. तिन्ही बोअर माळाच्या माथ्यावर, डांबरी रस्त्याच्या अगदी कडेला, एका ओळीत. माझ्यासोबत आलेल्या सरांनी नकाशा पाहिला आणि घाम पुसला. तिन्ही ठिकाणी खाली अखंड काळा पाषाण होता. त्यात भोक पाडून पाणी शोधणं म्हणजे वरवंट्यात पाणी शोधणं!

"जागा इथेच का?" सरांनी विचारलं.

"गाडी इथपर्यंतच येते," जेई साहेब म्हणाले.

त्यांच्या चेहऱ्यावर जराही लाज नव्हती. असायचं कारणही नव्हतं. बोअरच्या गाडीला डांबर लागतं, म्हणून पाण्यानेही डांबराशेजारी राहायचं, अशी ही शिस्त. मी ती बातमी केली. खात्याने दखल घेतली. चौथा बोअर मंजूर झाला. रस्त्याच्या दुसऱ्या कडेला.

* * *

मग सरांनी एक दिवस बुधीबायच्या अंगणात क्लास घेतला. ही साठीच्या पुढची, नवरा गेलेली, दोन्ही मुलगे भट्टीवर, आणि पाड्यातल्या कुठल्याही भांडणात शेवटचा शब्द हिचा. सरांना तिला एवढंच समजवायचं होतं, की तुमची विहीर का टिकते.

त्यांनी एक पत्रा तिरका ठेवला आणि चिखल पातळ करून वरून ओतला. चिखल सरळ खाली आला आणि सरांच्या बुटात गेला. दुसऱ्यांदा जरा घट्ट केला, तर तो वरच बसून राहिला. पाड्यातल्या बाया पदर तोंडाला लावून बघत होत्या. लहानू म्हणाला, सर, ज्वालामुखीचं राहू द्या, चहा घेऊ.

बुधीबाय उठून आत गेली आणि चुलीवरचं आंबिलाचं पातेलं घेऊन आली. नागलीची आंबील, कढत, बोटाला चिकटेल इतपत दाट. अंगणाच्या टोकाला कातळ आहे, आधी सपाट आणि पुढे उतरता. तिने एक पळी सपाटीवर ओतली. आंबील गोल पसरली, भाकरीसारखी, सगळीकडे सारखी. दुसरी पळी तिने उताराच्या तोंडाशी ओतली, आणि ओततच राहिली.

तेव्हा जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आधी आंबील रुंद सुटली. पण दोन्ही कडांना ती पातळ होती, म्हणून कडा आधी निवल्या आणि घट्ट झाल्या. शेताला असतात तसे दोन बांध तयार झाले. आता वरून येणारी सगळी आंबील त्या दोन बांधांच्या मधूनच धावायला लागली, अरुंद आणि जोरात. हा झाला पाट. थोड्या वेळाने पाटावर साय धरली. वरून बघावं तर सगळं थांबलेलं. बुधीबायने खालच्या टोकाला काडीने टोचलं, तर सायीखालून कढत आंबील भळकन पुढे गेली. वर पळी थांबल्यावर आतली आंबील वाहून गेली आणि साय मधोमध खचली. राहिले दोन बांध आणि मध्ये खळगा.

सर कातळावर उकिडवे बसले होते. ते उठेनात. अख्ख्या नोकरीत त्यांनी हेच फळ्यावर काढून शिकवलं होतं, रंगीत खडूने. मग त्यांनी सावकाश सांगितलं, की आपल्याकडचा लाव्हा बहुतेक पातळ, तो सपाटीवर कोसच्या कोस पसरला, त्या पहिल्या पळीसारखा. पण जिथे उतार सापडला तिथे हे असे पाट झाले. या पाड्याखाली तसाच एक पाट गाडला गेलाय. बांधाचे दगड भक्कम आहेत, मधला खळगा फुटक्या, भोकाभोकाच्या मांजऱ्या दगडाने भरलाय, आणि त्याच्या तळाला लाल भाजलेल्या मातीचा थर आहे, मडक्याच्या बुडासारखा. एके काळी आग ज्या वाटेने गेली त्याच वाटेने आता पाणी येतं आणि त्या लाल बुडावर थांबतं. तुमची विहीर बरोबर त्या पाटात आहे. फक्त एक करा, म्हणाले, त्या लाल थराला हात लावू नका. बूड फुटलं की मडकं गेलं.

बुधीबायने मान डोलावली. तिला त्यात नवीन काही वाटलेलं दिसलं नाही. तिने उलट विचारलं, एवढंसं समजायला किती वर्सं शिकलात? सरांनी आकडा सांगितला. ती खरोखर हबकली.

"तुमच्या घरी आंबील कोन रांधतो?" तिने विचारलं.

सर बुटातला चिखल झाडायला लागले. तोवर कोंबड्या आल्या आणि त्यांनी बांध, पाट, साय, सगळं टिपून नेलं.

* * *

मी त्यावर लेख लिहिला. मथळा दिला, 'सूर्यमाळच्या उतारावर लाव्ह्याचे पाट'. आमच्या डेस्कवर विनय नावाचा उपसंपादक आहे. त्याला माझे मथळे नेहमी 'थंड' वाटतात. त्याने तो गरम केला. सकाळी पेपर उघडला तर पहिल्या पानावर, 'मोखाड्यात लाव्हा!'

सात वाजता लहानूचा फोन आला. त्याचा मेव्हणा भिवंडीकडच्या भट्टीवरून विचारत होता, घरं राहिलीत का? नऊ वाजेपर्यंत भट्ट्यांवरची अर्धी माणसं विचारत होती. दोन कुटुंबं तर मालकाला न सांगता निघाली आणि संध्याकाळी पाड्यावर येऊन पोहोचली, कडेवर पोरं, डोक्यावर बोचकी. पाडा जागच्या जागी बघून ती आनंदाने नाही, रागाने रडायला लागली. मालकाने त्यांना परत कामावर घेताना काय ऐकवलं असेल ते मी विचारलं नाही. मला तोंड नव्हतं.

पण खरा धक्का पुढेच होता. वरून अहवाल मागवला गेला. एका बिचाऱ्या तलाठ्याला भर उन्हात करवंदपाड्याच्या उतारावर पाठवलं. तो माझ्याकडे आला, म्हणाला, भाऊ, लाव्हा कुठेय तेवढं दाखवा म्हणजे मी मोकळा होतो. मी त्याला कातळ दाखवला. त्याने वाकून त्यावर हाताचा तळवा ठेवला. मग सावलीत बसून लिहिलं. मी खांद्यावरून वाचत होतो.

"सदर ठिकाणी पंचांसमक्ष पाहणी केली असता लाव्हा आढळून आला. तथापि सदर लाव्हा थंड आढळला. जीवितहानी नाही."

दोन पंचांच्या सह्या, एक अंगठा. अंगठा बुधीबायचा.

त्या दिवसापासून आमच्या संपादकांनी फर्मान काढलं, की मोखाड्याच्या कुठल्याही बातमीत लाव्हा हा शब्द पुन्हा दिसता कामा नये. हे फर्मान लक्षात ठेवा.

* * *

आता जे सांगतो त्यात हसण्यासारखं काही नाही.

करवंदपाड्यापासून दोन टेकड्या पलीकडे वडपाडा आहे. तिथेही तशीच विहीर होती, तसंच गुडघाभर पाणी. त्याच उन्हाळ्यात तिचं खोलीकरण निघालं. आमच्याकडे ही रीतच आहे. विहिरीचं पाणी कमी पडलं की विहीर आणखी खोल करायची. एस्टिमेटमध्ये खोली लिहिलेली असते, नऊ मीटर. डोंगर कुठलाही असो, दगड कुठलाही असो, विहीर नऊ मीटर. टेप कठड्यावर टेकवून खाली सोडायचा, तळाशी आकडा नऊ आला की काम पूर्ण. जेई साहेब स्वतः विहिरीत कधी उतरत नाहीत. त्यांना चक्कर येते.

आम्ही गेलो तेव्हा ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर धडधडत होता. तळाला तांबडा पट्टा दिसत होता. सर ओरडले, थांबा. यंत्राच्या आवाजात त्यांचं कुणी ऐकलं नाही. ऐकू आलं असतं तरी थांबले असते असं मला वाटत नाही, कारण टेपवर आठ मीटर झाले होते आणि नऊ व्हायचे होते.

सुरुंग उडाला. धूळ बसली. पाड्यातल्या बाया हंडे घेऊनच आल्या होत्या, आता पाणी वाढणार म्हणून. साहेबांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. आम्ही कठड्याला टेकून उभे होतो आणि आतून आवाज यायला लागला. घटाघटा पिताना तहानलेल्या माणसाच्या गळ्यातून येतो तसा. खाली बघितलं तर पाणी गोल फिरत होतं. चहाचा ग्लास संपायच्या आत तळ उघडा पडला.

एक म्हातारी खाली बघत म्हणाली, "पानी गेला."

सर खाली बसले, धुळीतच. जेई साहेबांनी टेप सोडला, आकडा वाचला आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाले, "नऊ. काम पूर्ण!"

मी त्यांच्याशी भांडलो. आवाज चढवून भांडलो. ते शांतपणे म्हणाले, साहेब, पाणी किती पाहिजे ते एस्टिमेटमध्ये नसतं.

* * *

पुढच्या वर्षी, एप्रिलमध्ये, त्याच साहेबांच्या यादीत करवंदपाड्याची विहीर आली.

सरांनी लगेच चार पानी पत्र लिहिलं. पाट, बांध, मांजऱ्या दगड, लाल थर, सगळं आकृत्यांसह. वडपाड्याचा दाखलाही दिला. उत्तर आलं, तेही लवकर, हाही एक धक्काच. उत्तर एका ओळीचं होतं. लाव्हा ही बाब या कार्यालयाच्या अखत्यारीत येत नाही.

मी साहेबांना जाऊन भेटलो. काम रद्द करा म्हटलं. ते म्हणाले, मंजूर काम रद्द करायला कारण द्यावं लागतं, पूर्ण करायला लागत नाही. विहिरीचं आत्ताचं माप साडेसात मीटर. दीड मीटर बाकी. मशीन पुढच्या सोमवारी येणार.

लाल थर कुठे होता? बरोबर त्या साडेसात मीटरवर.

हे सांगायला मी आणि लहानू करवंदपाड्याला गेलो. मी बुधीबायला म्हटलं, आपण मोर्चा काढू, मशीनसमोर बसू, मी फोटो छापतो. माझं रक्त तापलं होतं. ती नागली पाखडत होती. सूप खाली न ठेवता तिने विचारलं, साहेब माप कुठून धरतो? मी सांगितलं, कठड्याच्या माथ्यावरून. बाकी राहिलं किती? दीड मीटर. म्हणजे किती? लहानूने हाताने दाखवलं, आपल्या छातीपेक्षा जरा वर.

तिने सूप झाडलं. म्हणाली, "मोर्चाला आमाला वेळ नाय, दादा. काम हाय."

मी चिडून परत आलो. जीपमध्ये सबंध रस्ताभर मी बायांच्या सोसण्यावर बोललो. लहानू एक शब्द बोलला नाही, आणि तेव्हाच मला कळायला हवं होतं.

सोमवारी सर आणि मी पोहोचलो तर ट्रॅक्टर आधीच उभा होता. कामगार तंबाखू मळत होते. जेई साहेब टेप हातात घेऊन विहिरीसमोर उभे होते आणि मान वर करून बघत होते. कमरेइतका असलेला कठडा आता पुरुषाच्या डोक्याच्या वर गेला होता! दगडावर दगड, मधल्या फटी चिखलाने भरलेल्या, आणि चढायला बाहेरून दगडाच्याच पायऱ्या. विहीर कसली, बुरूज होता तो. पुरुष माणूस पाड्यात एकही नव्हता, सगळे भट्ट्यांवर नाहीतर मजुरीला बाहेर. सात दिवसांत सगळं बायांनी उभं केलं होतं. त्यांच्या हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"पोरं पडत्यात, साहेब," बुधीबाय म्हणाली.

"एवढा उंच?"

"उड्या मारनारी पोरं हायत."

साहेबांनी एकदा कठड्याकडे बघितलं, एकदा हातातल्या टेपकडे. ट्रॅक्टरवाल्याने विचारलं, मशीन लावू का. बुधीबाय पायऱ्यांपाशी बाजूला सरकून उभी राहिली, पाहुण्याला वाट देतात तशी.

"माप घ्या, साहेब," ती म्हणाली. "आमाला वाचता येत नाय. किती भरला ते सांगा."

साहेब पायऱ्या चढले. माथ्यावर टेप टेकवला, डोळे मिटून सोडला, आणि मग एकच डोळा उघडून आकडा बघितला. सगळा पाडा खाली उभा. सरांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की घड्याळाचा पट्टा रुतला.

"नऊ," साहेब म्हणाले.

ते खाली उतरले, गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून लिहिलं, आणि ट्रॅक्टरला हात केला, परत फिरव. त्यांना कळलं होतं की नव्हतं? मी आणि लहानू यावर अजून भांडतो. लहानू म्हणतो, कळलं होतं, माणूस आहे तो. मी म्हणतो, त्यांना आकडा दिसला, बस.

* * *

त्या मे महिन्यात करवंदपाड्याला पाणी होतं. पुढच्या मे महिन्यातही राहिलं. बाया रोज त्या बुरुजावर चढतात, हंडा भरून उतरतात आणि कठड्याला शिव्या घालतात, पण पाणी भरतात. मी बातमी केली. मापाचा प्रकार अर्थातच लिहिला नाही. लिहिलं ते विज्ञान. लाव्ह्याचा पाट, त्याचे बांध, लाल थराचं बूड, आणि ते न फोडल्यामुळे टिकलेलं पाणी. शेवटी रंगत म्हणून एक ओळ, की विहिरीचा कठडाही बायांनी श्रमदानातून उंच बांधला आहे. सोबत बुधीबायचा पायऱ्यांवरचा फोटो.

विनयला फर्मान आठवलं. त्याने इमानदारीत लाव्हा काढला. लाव्ह्याबरोबर पाट गेला, बांध गेले, लाल थर गेला, बूड गेलं. उरला फोटो आणि शेवटची ओळ. मथळा आला, 'उंच कठड्याच्या विहिरीला भर उन्हाळ्यात पाणी!'

मी डेस्कला फोन करून तासभर शिव्या घातल्या आणि विसरलो.

तीन आठवड्यांनी आम्ही तिघं जीपने वडपाड्यावरून चाललो होतो. लहानूने न सांगता ब्रेक मारला. त्या फुटलेल्या विहिरीपाशी बायांची रांग लागली होती. खालच्या ओढ्यापासून विहिरीपर्यंत, हातोहात दगड. उन्हात. जेई साहेब झाडाखाली खुर्चीवर. आम्हाला बघून ते उठले, आनंदाने पुढे आले, माझा हात हातात घेतला. फाइल उघडून दाखवली. पहिल्याच पानावर माझ्या बातमीचं कात्रण, व्यवस्थित चिकटवलेलं. म्हणाले, वरच्या साहेबांना फार आवडलं, उंच कठड्यांना मंजुरी लगेच आली, आधी वडपाडा, मग उरलेले सगळे पाडे.

सर विहिरीपाशी गेले, नव्या पायऱ्या चढले, एक खडा आत टाकला आणि कान देऊन उभे राहिले. मीही त्यांच्या मागे चढलो. तळाला सुरुंगाचं भोक तसंच होतं, काळं, कोरडं.

कठड्यावर दगड बसवत होती तीच म्हातारी. 'पानी गेला' म्हणणारी. तिच्या हातांना चिंध्या बांधलेल्या होत्या. तिने मला ओळखलं, पदराने तोंड पुसलं, आणि मी तिथे आलोय म्हणजे मला माहीत असणारच अशा भरवशाने विचारलं,

"दादा, आता पानी कदी चढल?"